एडिंबरो नगरीची गोल्फ-मैदाने : सार्वजनिक जागा कशी टिकते?

गोल्फ हा धनिकांचा खेळ, अशी आपल्याकडे सर्वसाधारण समजूत आहे आणि ती निराधार आहे असे म्हणवत नाही. आपल्या देशात हा खेळ इंग्रजी अमदानीत आला. कलकत्त्याचा गोल्फ क्लब १८२९ साली स्थापन झाला. ब्रिटिश बेटांबाहेरील सर्वांत जुना गोल्फ क्लब म्हणून त्याची ख्याती आहे. मुंबईस असाच क्लब १८४२ साली निघाला. तेव्हापासून आजतागायत आपल्याकडील बहुतेक गोल्फ-मैदाने लष्करी छावण्या, क्लब किंवा मोठी हॉटेले यांच्याच ताब्यात राहिली आहेत. भोवती उंच कुंपण, फाटकावर पहारेकरी आणि आत दूरवर पसरलेली हिरवळ एवढेच दृश्य बाहेरून जाणाऱ्याच्या वाट्यास येते. साहजिकच या खेळाशी आपला काही संबंध असेल, असे सामान्य माणसास वाटत नाही.

ज्या देशात हा खेळ वाढला त्या स्कॉटलंडमध्ये मात्र त्याचे बालपण अगदी निराळ्या ठिकाणी गेले. तेथे तो गावच्या गायरानात वाढला. ज्या जमिनीवर गुरे चरत, धोबी कपडे वाळवीत, कोळी जाळी पसरीत, त्याच जमिनीवर लोक काठी व चेंडू घेऊन खेळत. ही जमीन कोणा एकाची नव्हती, ती साऱ्या नगराची होती. पुढे नगरे वाढली, जमिनीस मोल आले आणि अशा मोकळ्या जागा टिकवायच्या कशा, हा प्रश्न उभा राहिला. स्कॉटलंडची राजधानी एडिंबरो हिने हा प्रश्न कसा सोडविला, हे तेथील तीन मैदानांच्या हकीकतीवरून आम्ही येथे सांगणार आहोत. पहिल्या मैदानावर जागा राहिली, पण खेळ गेला. दुसऱ्यावर जागाही राहिली आणि खेळही राहिला, मात्र खेळाने आपले अंग आखडून घेतले. तिसरे मैदान नगराने लोकांसाठी मुद्दाम विकत घेतले. या तीन हकीकतींत आपल्यालाही घेण्याजोगे पुष्कळ आहे.

प्रथम खेळाविषयी दोन शब्द. विटीदांडू किंवा गोट्या खेळताना आपण जमिनीत गल करतो. गोल्फमध्ये तशीच एक लहान, गोल गल असते. तिला 'होल' म्हणतात. तिचा व्यास सव्वाचार इंच असतो. दूरच्या एका ठिकाणाहून काठीच्या टोल्याने चेंडू मारीत मारीत या होलमध्ये नेऊन टाकायचा. जो कमीत कमी टोल्यांत हे साधेल तो सरस. मैदानावर असे बहुधा अठरा होल असतात आणि एकापासून दुसऱ्याकडे जात खेळाडू तीन-चार मैलांची पायपीट करतो. म्हणजे या खेळास जागा फार लागते. सार्वजनिक जमिनीच्या प्रश्नाशी त्याचे नाते जडले ते यामुळेच.

ही जागा पूर्वी फुकट मिळे, याचे कारण स्कॉटलंडच्या भूगोलात आहे. तेथील पूर्व किनाऱ्यावर समुद्र आणि शेतजमीन यांच्या मध्ये वाळूच्या उंचवट्यांची, आखूड गवताची एक पट्टी असते. तिला 'लिंक्स' असे नाव आहे. आपल्या कोकणपट्टीतील पुळणीमागच्या वाळवटासारखीच ही जमीन नांगरास निरुपयोगी. पीक येत नाही म्हणून कोणी तिच्यावर हक्क सांगत नसे. मेंढ्या व ससे गवत खुडून खुडून ते आखूड ठेवीत. चेंडू घरंगळण्यास अशी भूमी उत्तम. पुढे समुद्रापासून दूर असलेल्या खेळाच्या माळांनाही लिंक्स म्हणण्याची रीत पडली.

हा खेळ किती जुना आणि किती लोकप्रिय होता, हे कळते ते त्यावर घातलेल्या बंदीवरून. १४५७ साली स्कॉटलंडच्या संसदेने फुटबॉल व गोल्फ या दोन्ही खेळांस मनाई केली. लोकांनी इंग्लंडविरुद्धच्या युद्धासाठी धनुर्विद्येचा सराव करावा, तो सोडून ते खेळात रमतात, हे त्याचे कारण. बंदी पुढे आणखी दोन वेळा जाहीर करावी लागली. यावरून ती कितपत पाळली गेली असेल याचा अंदाज सुज्ञ वाचकांनी करावा. अखेर १५०२ साली खुद्द राजा चौथा जेम्स याने गोल्फच्या काठ्या विकत घेतल्याची नोंद खजिन्याच्या हिशेबात सापडते. त्या काठ्या त्याने घेतल्या, त्याही एका धनुष्य बनविणाऱ्या कारागिराकडून!

आता पहिले मैदान. लीथ हे एडिंबरोचे बंदर. तेथील लिंक्सवर सोळाव्या शतकातही खेळ चालत असे. रविवारी देवळात न जाता लोक लीथला जाऊन गोल्फ खेळतात म्हणून १५९२ साली एडिंबरोच्या नगरसभेने रविवारच्या खेळास मनाई केली होती. या मैदानाविषयी एक आख्यायिका प्रसिद्ध आहे. पुढे राजा झालेला यॉर्कचा ड्यूक जेम्स १६८० च्या सुमारास एडिंबरोत राहत होता. इंग्लंडच्या दोन सरदारांशी त्याने पैज लावली आणि जोडीदार म्हणून जॉन पॅटर्सन नावाच्या एका चांभाराची निवड केली. जोडी जिंकली आणि ड्यूकने दिलेल्या पैशातून पॅटर्सनने नगरात घर बांधले, असे सांगतात. कथेत खरे किती व पदरचे किती, हे बाजूला ठेवू. राजपुत्र आणि चांभार एका गवतावर उभे राहून खेळले, या गोष्टीत त्या काळच्या लोकांस अशक्य असे काही वाटले नाही, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. मैदानास दरवाजा नव्हता, म्हणून हे घडू शकत होते.

१७४४ साली नगरसभेने लीथच्या खेळाडूंना चुरशीसाठी एक रुपेरी काठी बक्षीस दिली. शर्यतीकरिता तेरा नियम लिहून काढण्यात आले. गोल्फचे आज उपलब्ध असलेले सर्वांत जुने लेखी नियम ते हेच. त्या वेळी लीथला पाचच होल होते, पण प्रत्येकाची लांबी चारशे यार्डांहून अधिक. पहिला विजेता जॉन रॅट्रे नावाचा शस्त्रवैद्य होता. ज्या सार्वजनिक माळावर बायका कपडे वाळवीत त्याच माळावर एका जगद्विख्यात खेळाचे नियम तयार झाले, ही गोष्ट एडिंबरोकर आजही अभिमानाने सांगतात. २०१९ साली तेथे रॅट्रेचा पुतळा उभारण्यात आला.

परंतु आज तेथे गोल्फ नाही. बंदर वाढले, वस्ती दाटली, माळावर गर्दी होऊ लागली. ज्या मंडळींनी ते तेरा नियम केले होते त्यांचा संघ १८३६ साली लीथ सोडून मसलबरो या शेजारच्या गावच्या लिंक्सवर गेला आणि १८९१ साली त्याने म्युरफील्ड येथे स्वतःचे मैदान केले. लीथचा माळ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बगीच्याच्या स्वरूपात आखला गेला आणि विसाव्या शतकाच्या प्रारंभी तेथील गोल्फ संपला. खेळ गेला, पण जागा गेली नाही. आज तेथे मुले क्रिकेट व फुटबॉल खेळतात, म्हातारी माणसे बाकांवर बसतात. त्या दृष्टीने नगराचे काही बिघडले नाही.

उलट जे निघून गेले त्यांची पुढची वाटचाल पाहावी. सार्वजनिक माळावरून उठून हा संघ आपल्या खाजगी कुंपणात गेला, तो तेथे स्त्रियांस सभासद करून घेईना. २०१६ साली सभासदांनी घेतलेल्या मतदानात हा बदल पुरेशा मतांअभावी नामंजूर झाला. २०१७ साली तो मंजूर झाला आणि पहिल्या स्त्री-सभासदांस निमंत्रण गेले ते २०१९ साली. याच्या शेजारी मसलबरोची एक जुनी नोंद ठेवण्यासारखी आहे. तेथील कोळणी टोपल्यांतून मासळी विकीत. फुरसतीच्या दिवशी त्या सार्वजनिक लिंक्सवर गोल्फ खेळत. १८११ च्या सुमारास गावच्या गोल्फ-संघाने त्यांच्यातील उत्तम खेळाडू स्त्रीस बक्षीस ठेवले, ते मासळीची नवी टोपली आणि शाल यांचे. उघड्या माळावर कोळीण दोनशे वर्षांपूर्वी खेळू शकली आणि कुंपणाच्या आत सुशिक्षित स्त्रीस एकविसाव्या शतकापर्यंत थांबावे लागले. सार्वजनिक जागेचे मोल याहून अधिक स्पष्ट कसे करावे?

दुसरे मैदान ब्रंट्सफील्ड लिंक्स. हे समुद्रापासून दूर, नगराच्या दक्षिण अंगास आहे. मध्ययुगात येथे 'बर्ग म्यूर' म्हणजे नगराचे विस्तीर्ण गायरान व रान होते. १५०८ साली राजा चौथा जेम्स याने ही जमीन कायम खंडाने देण्याची मुभा नगरसभेस दिली आणि तुकड्या-तुकड्यांनी गायरान खाजगी हातांत जाऊ लागले. एका दिवसात कोणी ते गिळले नाही. आज एक तुकडा, उद्या दुसरा, असे करीत शतकांच्या ओघात त्या अफाट रानाचा सुमारे पस्तीस एकरांचा एक कोपरा तेवढा उरला. तोच ब्रंट्सफील्डचा माळ. त्यातूनही नगराच्या घरांसाठी दगड काढला गेला. आज त्या माळावर जे उंचसखल खळगे दिसतात ते त्या जुन्या खाणींचे.

या उरलेल्या कोपऱ्यावर गोल्फ जोमाने चाले. जगातील जुन्या गोल्फ-संघांत गणले जाणारे दोन संघ याच माळावर वाढले. एक आपली स्थापना १७३५ ची सांगतो, दुसरा १७६१ ची. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी नगराची वाढ झपाट्याने होत होती आणि माळाच्या कडेस घरे येऊ लागली होती. अशा वेळी १८२७ साली एडिंबरोच्या सुधारणेसाठी संसदेने कायदा केला. रस्ते, पूल यांच्या तरतुदींबरोबर त्यात एक महत्त्वाचे कलम होते. ब्रंट्सफील्ड लिंक्स आणि लगतचे 'मेडोज' नावाचे कुरण यांवर संसदेच्या संमतीवाचून कोणतीही इमारत उभारण्याचा अधिकार नगरसभेस राहणार नाही, असे ते कलम होते. म्हणजे नगराचे कारभारी उद्या मोहात पडले, तर त्यांचा हात धरण्याची सोय आधीच करून ठेवली गेली.

या कलमाची कसोटी पुढे लागली. १८८६ साली मेडोजवर एक भव्य आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरले. त्यासाठी मोठा मंडप-महाल बांधण्यात आला. लक्षावधी लोकांनी तो पाहिला आणि प्रदर्शन संपल्यावर ही सुंदर वास्तू कायम ठेवावी, असा विचार पुढे आला. हेतू वाईट नव्हता. परंतु १८२७ च्या कायद्याने कायमची इमारत निषिद्ध होती. महाल उतरविण्यात आला आणि कुरण पुन्हा मोकळे झाले. सार्वजनिक जागा नेहमी दुष्ट माणसेच बळकावतात असे नाही. पुष्कळदा एखाद्या चांगल्या कामासाठीच ती मागितली जाते: शाळा, दवाखाना, सभागृह, रस्ता. नाही म्हणणे जड जाते. अशा वेळी लेखी कायदा उपयोगी पडतो, कारण त्याला भीड नसते.

मात्र कायद्याने इमारती थोपविल्या तरी गर्दी थोपविली नाही. आणि या गर्दीमागे एका झाडाचा चीक होता. पूर्वी गोल्फचा चेंडू चामड्याच्या पिशवीत ओली पिसे ठासून भरून बनवीत. कुशल कारागीर दिवसभरात थोडेच चेंडू करू शके, त्यामुळे तो फार महाग पडे आणि पावसात भिजला की फाटे. १८४८ च्या सुमारास मलायाकडील झाडांच्या चिकापासून मिळणाऱ्या गटापर्चाचे चेंडू निघाले. या चेंडूंची एक मौजेची आख्यायिका आहे. सेंट अँड्र्यूज येथील एका पाद्र्याकडे हिंदुस्थानातून विष्णूची मूर्ती आली होती. ती सुरक्षित राहावी म्हणून पेटीत गटापर्चाचे तुकडे भरले होते आणि त्याच्या मुलाने त्यांतून पहिला चेंडू केला, असे म्हणतात. ते कसेही असो, नवा चेंडू स्वस्त, टिकाऊ आणि साच्यात भराभर होणारा होता. कारकून, सुतार, दुकानदार सारेच खेळू लागले. पस्तीस एकरांच्या माळावर खेळाडू दाटले; त्याच माळावरून बायका-मुले ये-जा करीत, आणि वेगाने येणारा कठीण चेंडू कपाळमोक्ष करण्यास पुरेसा असतो. जुने संघ १८७० च्या दशकात मसलबरोकडे वळले व शतकाच्या अखेरीस नगराबाहेर आपापल्या खाजगी मैदानांवर गेले. ज्यांना खाजगी मैदान परवडत नव्हते त्यांनी कोठे जावे?

या प्रश्नाचे उत्तर म्हणजे तिसरे मैदान. नगराच्या दक्षिणेस ब्रेड हिल्स नावाच्या टेकड्या आहेत. प्राचीन ज्वालामुखीच्या खडकाची ही भूमी, उंची सुमारे दोनशे मीटर. पिवळ्या फुलांच्या काटेरी झुडुपांनी ती भरलेली आहे. माथ्यावरून एडिंबरोचा किल्ला, मागे समुद्राची खाडी आणि पलीकडचा फाइफ प्रांत दिसतो. १८८९ साली नगरसभेने ही जमीन तिच्या मालकाकडून लोकांसाठी विकत घेतली आणि त्याच वर्षी तेथे सार्वजनिक गोल्फ-मैदान सुरू केले. त्याच्या आखणीत पीटर मॅकइवन हा काठ्या बनविणारा कारागीर आणि मसलबरोचा बॉब फर्ग्युसन यांचा हात होता. फर्ग्युसन लहानपणी दुसऱ्यांच्या काठ्या वाहणारा पोरगा होता. पुढे त्याने १८८०, १८८१ व १८८२ अशी सलग तीन वर्षे खुली अजिंक्यपद स्पर्धा जिंकली. लोकांचे मैदान लोकांतूनच वर आलेल्या माणसाने आखावे, हा योग उचितच म्हटला पाहिजे. पुढच्या काळात या टेकड्यांवर खेळून तयार झालेल्यांत टॉमी आर्मर याचे नाव ठळक आहे. पहिल्या महायुद्धात एका डोळ्याची दृष्टी गमावूनही त्याने १९२७ साली अमेरिकेची आणि १९३१ साली ब्रिटनची खुली स्पर्धा जिंकली.

ब्रेड हिल्सची सोय झाल्यावर ब्रंट्सफील्डवरील लांब टोल्यांचा खेळ थांबविण्यात आला. पण माळावरून गोल्फ हद्दपार झाला नाही. तेथे लहान अंतराचे होल आखले गेले. १८९५ साली या आखूड खेळाचा स्वतंत्र संघही निघाला. आजही ब्रंट्सफील्डवर उन्हाळ्यात छत्तीस लहान होल असतात आणि तेथे खेळण्यास शुल्क पडत नाही. आपली काठी व चेंडू घेऊन जावे आणि खेळावे. पादचाऱ्यास भय नाही, खेळाडूस अडथळा नाही. एकाच जागेवर अनेकांचा हक्क असला म्हणजे प्रत्येकाने आपला हात थोडा आखूड घ्यावा लागतो, हा धडा त्या लहान होलांत आहे.

नगराने हे सारे वेळीच केले नसते तर काय झाले असते, याचे उदाहरण शोधण्यास फार दूर जावे लागत नाही. एडिंबरोच्या ईशान्येस सेंट अँड्र्यूज हे गाव आहे. तेथील लिंक्सवर खेळण्याचा गावकऱ्यांचा हक्क आर्चबिशप हॅमिल्टन याने १५५२ च्या सनदेत मान्य केलेला होता. पण १७९७ साली गावची नगरसभा कर्जात बुडाली आणि तिने ही जमीन गमावली. १७९९ साली ती सशांची पैदास करणाऱ्या व्यापाऱ्यांच्या हाती पडली. ससे जिकडेतिकडे बिळे करू लागले, खेळाडू व व्यापारी यांच्यात जुंपली, खटले झाले आणि वीस वर्षांहून अधिक काळ हा तंटा धुमसत राहिला. १८२१ साली जेम्स चीप या गोल्फप्रेमी जमीनदाराने लिंक्स विकत घेतल्या तेव्हा खेळ वाचला. तरी जमीन खाजगीच राहिली. १८९४ साली संसदेचा कायदा करवून गावाने ती पुन्हा आपल्या मालकीची केली आणि १९७४ च्या कायद्याने तिच्या व्यवस्थेसाठी विश्वस्त मंडळ नेमले गेले. जे एका अडचणीच्या क्षणी गेले ते परत मिळविण्यास शंभर वर्षे लागली. आज तेथील जुन्या मैदानावर रविवारी एरवी खेळ बंद असतो आणि त्या दिवशी गावची माणसे मुलाबाळांसह, कुत्री घेऊन त्याच हिरवळीवर फिरतात. जगातील सर्वांत विख्यात गोल्फ-मैदान आठवड्यातून एक दिवस पुन्हा गायरान होते!

जमीन राखली, कायदा केला, म्हणजे काम संपले असे नाही. गवत कापावे लागते, पाण्याचा निचरा पाहावा लागतो, माळ्यांस पगार द्यावा लागतो. अलीकडच्या काळात खर्च परवडत नाही म्हणून ब्रिटनमधील अनेक नगरपालिकांनी आपली गोल्फ-मैदाने बंद केली आहेत. एडिंबरोने विसाव्या शतकात कॅरिक नो, सिल्व्हरनोज यांसारखी आणखी सार्वजनिक मैदाने उभारली होती. १९९८ पासून नगराच्या क्रीडास्थानांची व्यवस्था नफा न वाटणाऱ्या एका सेवाभावी संस्थेकडे आहे. खेळणाऱ्यांकडून शुल्क घेतले जाते, पण त्यासाठी कोणाची शिफारस अथवा सभासदत्व लागत नाही. शिवाय २००३ च्या स्कॉटिश कायद्याने प्रत्येकास जबाबदारीने मोकळ्या भूमीवर वावरण्याचा हक्क दिला आहे. गोल्फ-मैदानही पायी ओलांडता येते. मात्र खेळात व्यत्यय आणू नये आणि होलभोवतालच्या नाजूक हिरवळीवर पाय देऊ नये, एवढे पथ्य पाळावे लागते.

आता आपल्या घरच्या गोष्टीकडे वळू. आपल्याकडे गोल्फ म्हटले की चित्र उलटे दिसते. आमच्या गोव्याच्या उत्तर टोकास तेरेखोल येथे गोल्फ-मैदानाचा बेत पुढे आला, तेव्हा २०१४ च्या सुमारास कुळांच्या हक्कांचा प्रश्न उभा राहिला, ग्रामस्थांनी विरोध केला आणि प्रकरण न्यायालयापर्यंत गेले. एडिंबरोत जो खेळ सार्वजनिक जमीन राखण्यास निमित्त झाला तोच येथे जमीन जाण्याचे भय घेऊन आला. यात दोष खेळाचा नाही. मैदानावर कोणता खेळ चालतो याहून ते मैदान कोणाचे आहे आणि तेथे कोणाला जाता येते, हा प्रश्न मोठा आहे.

सामाईक जमिनीची कल्पना आपणांस परकी आहे असेही नाही. गोव्यातील गावकारी संस्था पोर्तुगीज येण्यापूर्वीपासून गावची जमीन एकत्र सांभाळीत आली. तिच्या चालीरीती १५२६ साली अफोंसो मेशिया याने लेखी नोंदविल्या, म्हणजे सेंट अँड्र्यूजच्या सनदेच्याही सव्वीस वर्षे आधी. तीच संस्था आज कोमुनिदाद या नावाने आपण ओळखतो. देशावर गायरान आहे, देवराई आहे, गावठाणातले खळे आहे. २०११ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयाने गावांच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे दूर करण्याच्या योजना आखाव्यात, असा आदेश सर्व राज्यांना दिला. तात्पर्य, परंपरा आपल्याकडे आहे, कायदाही आहे. उणीव असलीच तर ती नित्याच्या जागरूकतेची आहे.

एडिंबरोच्या हकीकतीतून ही जागरूकता म्हणजे काय ते नेमके सांगता येते. मालकी लोकांच्या नावे कागदावर हवी. १८८९ साली नगराने तेच केले. मोहाच्या क्षणी हात धरणारा नियम हवा. १८२७ चे कलम तसे होते. जागा वापरणाऱ्यांनी एकमेकांसाठी थोडे मागे सरावयास हवे. ब्रंट्सफील्डचे आखूड होल त्याची साक्ष देतात. निगा राखण्यासाठी पैसा आणि श्रम हवेत. ते कोणी तरी रोज द्यावे लागतात. आणि शेवटी, जागेचा वापर हवा. ज्या मैदानावर संध्याकाळी मुले दिसत नाहीत ते ओस आहे असे सांगणारा मनुष्य लवकरच उगवतो.

म्हणून विद्यार्थिमित्रांस आमचे एक सांगणे आहे. आपण ज्या मैदानावर रोज खेळता ते कोणाच्या नावे आहे, हे आपणांस ठाऊक आहे काय? गोव्यात असाल तर 'एक-चौदा'चा उतारा, महाराष्ट्रात असाल तर सातबारा, बेळगावकडे असाल तर पहाणी उतारा घरातील वडील माणसांच्या मदतीने पाहावा. त्यावर मैदान कोणाच्या नावे लिहिले आहे, क्षेत्र किती दाखविले आहे, हे वहीत टिपून घ्यावे. मग मैदानावर जाऊन ते तेवढे शिल्लक आहे का, हे पावलांनी मोजून पाहावे. भूगोल, इतिहास, गणित आणि नागरिकशास्त्र या चारही विषयांचा हा एक उत्तम पाठ होईल. मोजणीत काही कमी भरले, तर ते गावच्या ग्रामसभेत किंवा नगरपालिकेत विचारण्याचा अधिकार आपल्या आईवडिलांस आहे. आणि थोड्याच वर्षांनी तो आपणांसही प्राप्त होणार आहे.